व्यापारधोरणाचा अभ्यास खाडीपलीकडून

मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र बाळकुमला आहे आणि कशेळीचा पूल ओलांडला की यंत्रमागांची भिवंडी लागते. आंतरराष्ट्रीय व्यापारधोरणात शिरू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने जिनिव्हातील करारांइतकेच हे मागही अभ्यासावेत. निर्णय दिल्लीत होतात, मग स्थानिक पाहणी कशाला, हा आक्षेप टिकत नाही, कारण त्या निर्णयांची झळ स्थानिकांनाच बसते. कांद्याचेच पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीने कांदानिर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा हवा, हे खरेच. पण त्याची किंमत नाशिकच्या शेतकऱ्यानेच का मोजावी? हा हिशेब मांडणारे अभ्यासक वाणिज्य मंत्रालयात हवेत. विद्यापीठाने त्यासाठी भिवंडीचे माग आणि नाशिक जिल्ह्यातील लासलगावचा कांदाबाजार अभ्यासक्रमातच आणावेत.