सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे

नोकरी लागली नाही, सब्र कर. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला, सब्र कर. आपल्या घरांत आणि जलशांत हा शब्द इतका वापरला गेलाय की त्याचा अर्थ ‘तोंड बंद ठेव’ असा होऊन बसलाय. राजकारण्यांना हा अर्थ फार सोयीचा. २०१४च्या जुलैमध्ये राज्य सरकारने मुस्लिमांतल्या मागास गटांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात शिक्षणातलं आरक्षण चालू ठेवलं. तरी पुढच्या सरकारने अध्यादेशाची मुदत संपू दिली, कायदा झालाच नाही. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत आश्वासन मिळतं आणि निवडणुकीनंतर सब्राचा सल्ला.

दुसरीकडे मोबाइलमधला धर्मोपदेशक आहे. तीन महिन्यांत डेव्हलपर व्हा, वर्षात लाखांचं पॅकेज घ्या. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. असे कोर्स करून आलेली मुलं अवघड शब्द पाठ बोलतात. ‘प्रोग्रॅम इथे का अडकला?’ असं विचारलं की गप्प. मुलं हुशार असतात. त्यांना अडकलेल्या जागी तासभर बसून राहायला कुणी शिकवलेलं नसतं. आमच्या कामातला निम्मा वेळ त्यातच जातो, पण रीलमध्ये तेवढंच कापलेलं असतं.

एक जण सांगतो थांब, दुसरा सांगतो पळ. माझं भांडण दोघांशी आहे.

हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचा किस्सा आठवा. सब्राचं उदाहरण म्हणून तो नेहमी सांगितला जातो, पण अर्धाच. मुलाच्या दुःखात त्यांची दृष्टी गेली, गाऱ्हाणं त्यांनी अल्लाहकडेच मांडलं, हे आपण ऐकतो. त्याच सूरहमध्ये ते मुलांना युसूफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्यायला पाठवतात. सब्रही आणि शोधही. सूरह अल-अस्रमध्येही सब्राच्या ताकीदीआधी हक्काची, म्हणजे सत्याची ताकीद आहे. पहिली सोडून दुसरी सांगणं ही कुणाची सोय?

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहायला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला अक्कलकुवा तालुका पुरेसा आहे. १९७९च्या सुमारास मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी तिथे मोजक्या मुलांना घेऊन मदरसा सुरू केला. दशकं गेली तेव्हा त्याच आवारात हिफ्जसोबत आयटीआय, फार्मसी, अभियांत्रिकीचं शिक्षण आलं; जालना जिल्ह्यातल्या बदनापूरला वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. २०११च्या जानेवारीत ते दारुल उलूम देवबंदचे मोहतमिम झाले. एका मुलाखतीवरून वाद पेटला आणि जुलैत पद गेलं. ते अक्कलकुव्यात आपल्या कामावर परतले आणि २०२५च्या मे महिन्यात वारले तोवर तिथेच राहिले. त्यांची मतं सगळ्यांना पटत होती असं नाही, मलाही सगळी पटत नाहीत. पण पद गेल्यावर तीस वर्षांहून अधिकचं काम जागेवर असतं, ही गोष्ट आपल्या किती नेत्यांबद्दल सांगता येईल?

त्याच तालुक्याच्या उत्तर टोकाला नर्मदेकाठी मणिबेली आहे, सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडालेलं गाव. तिथल्या आदिवासींनी घरात पाणी शिरलं तरी जागा सोडली नाही. १९९३मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून प्रकल्प बाहेर पडला. २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल धरणाच्या बाजूने लागला, २०१७मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले. म्हणजे हरले? धरणापुरतं, हो. पण चिमलखेडी आणि निमगव्हाणला १९९१-९२च्या सुमारास सुरू केलेल्या जीवनशाळांत मुलं शिकली, आणि जमिनीच्या हक्काचे कागद घेऊन लोक वर्षानुवर्षं कचेऱ्यांत जात राहिले. कलेक्टरला प्रश्न विचारणं त्यांच्या सबुरीत बसत होतं. (मराठीने हा शब्द आपल्याकडूनच घेतला, तोही बहुधा अर्धाच.)

‘घरभाडं थकलंय, बहिणीचं लग्न आहे, दोन वर्षं थांबायला पैसा कुठून आणू?’ हा प्रश्न खरा आहे. मी वरून उपदेश करत नाही. आज मिळेल ते काम धरा, डिलिव्हरी करा, दुकानात बसा, त्यात लाज नाही. फक्त रोजचा एक तास विकू नका. आणि ज्यांची घरं सावरली आहेत त्यांनी पोरांना सब्र सांगण्याऐवजी सहा महिन्यांची फी भरावी. तो सब्र मोठ्यांच्या वाट्याचा आहे.

शहादा, तळोदा, नवापूर, नंदुरबार, कुठलेही असाल आणि दोन वर्षं द्यायची तयारी असेल, तर दर रविवारी इशानंतर दोन तास मी ऑनलाइन बसेन. पहिले सहा महिने फक्त पाया: गणित जास्त, कोड कमी. प्रमाणपत्र मिळणार नाही.