पोलिसांची चौकशी पोलिसांनीच करायची?

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी अर्जुनी-मोरगाव सोडते आणि थोड्या वेळाने वडसा येते. वडसा म्हणजेच देसाईगंज. 26 मार्च 1972 च्या रात्री मथुरावर बलात्कार झाला तो इथल्याच पोलीस चौकीत. हे नाव ऐकले नाही अशी कार्यकर्ती आपल्यात क्वचितच सापडेल. पण खटल्यातल्या एका गोष्टीवर आपण फारसे बोलत नाही. त्या रात्री तिचा जबाब लिहिला गेला, कारण बाहेर गाव जमले होते. लोक चौकी पेटवायला निघाले, तेव्हा हेड कॉन्स्टेबलला बोलावणे गेले. त्याने जमावाला समजावून घरी पाठवले आणि मग कागद-पेन काढले. डॉक्टरी तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठला! आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा अंगावर जखमा नव्हत्या याला मोठे वजन दिले.

त्यानंतर 1979 चे खुले पत्र आले, मोर्चे निघाले, 1983 मध्ये कायदा बदलला. तरी पहिल्या चोवीस तासांतला पुरावा कोणाच्या हातात, हा प्रश्न तसाच राहिला.

23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात गोवारींच्या मोर्चावर लाठीमार झाला. चेंगराचेंगरीत 114 जीव गेले, त्यांत बाया आणि लेकरे किती तरी. न्यायमूर्ती दाणी आयोग बसला. आयोगाचा अहवाल आला, पण दोषी कोणीच ठरले नाही. मे 2021 मध्ये आपल्या आमगावात पोलिसांच्या ताब्यात एका तरुणाचा मृत्यू झाला. काही पोलीस निलंबित झाले. कोठडीतल्या मृत्यूचा तपास आपल्या राज्यात सीआयडीकडे जातो. सीआयडी म्हणजे तरी कोण? तेही पोलीसच, फक्त कचेरी वेगळी.

शासनाची देखरेख नाही असे नाही. कागदावर भरपूर आहे. कोठडीत मृत्यू किंवा बलात्कार झाला तर 2006 पासून न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करायची आहे. आता ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्ये आहे. मृत्यूची चौकशी असेल तर शक्य तेथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यायचे, असेही त्यात आहे. आपल्यापैकी किती जणींनी हा हक्क मागून घेतला? राज्य मानवाधिकार आयोग आहे, पण तो शिफारस करतो, हुकूम नाही. शिवाय घटनेला वर्ष उलटले की त्याला चौकशी करता येत नाही. घाबरलेल्या बाईला तोंड उघडायलाच वर्ष लागते, हे कायदा लिहिणाऱ्यांना कोणी सांगावे?

2006 च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण हवे, आणि त्याची शिफारस बंधनकारक असावी. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याच्या जागी विभाग घातला. सालेकसा किंवा देवरीच्या बाईने मजुरी बुडवायची, गोंदिया गाठायचे, मग सव्वाशे किलोमीटरवरचे नागपूर. तेही ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार, त्याच ठाण्याच्या हद्दीत घर ठेवून. ही एका शब्दाची फेरफार मला सगळ्यात खटकते. बाकीच्या त्रुटींवर वकील भांडतील. या शब्दावर आपणच भांडायला हवे.

म्हणून मागणी साधी ठेवू या. प्राधिकरण गोंदियात हवे. त्यात बाया हव्यात, निदान एक तरी गोंडी समजणारी. आणि तपासाला स्वतःची माणसे हवीत, स्वतःचे वाहन हवे. जबाब घेणारा त्याच ठाण्याच्या जीपमधून उतरला, तर दारातली बाई काय सांगणार आहे त्याला?