आधीचं लिहिलेलं नसेल तर नुकसान मोजणार कशावरून?

समुद्राच्या तळातून हिरे काढतात, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. पण नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हे काम 1960 च्या दशकापासून चाललंय. त्याचं आपल्या पेजवर काय काम, असं कोणी विचारेल. काम आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने समुद्रातल्या खनिजांचा पहिला लिलाव काढला. 13 ब्लॉक होते: गुजरातसमोर चुन्याचा गाळ, केरळसमोर बांधकामाची वाळू, निकोबारजवळ धातूंचे गोळे आणि थर. त्यात गोव्याचं नाव नव्हतं. पण 2002 चा जो कायदा 2023 मध्ये दुरुस्त करून हे केलं, तो 12 सागरी मैलांपलीकडच्या सगळ्या पाण्याला लागू आहे, आणि आपले ट्रॉलर तिथेच जातात. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, हेही शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. तेव्हा ज्यांच्या पाण्यात हे आधी घडलं, त्यांच्याकडे एकदा बघून घ्यावं.

ऑरेंज नदीने कोट्यवधी वर्षांत आतल्या डोंगराळ भागातले हिरे समुद्रात आणून टाकले आणि लाटांनी ते उत्तरेकडे किनाऱ्याला पसरवले. 1908 मध्ये ल्यूडेरिट्झजवळ झकरियस लेवाला नावाच्या रेल्वे कामगाराला वाळूत हिरा सापडला, आणि लगेच तो सगळा पट्टा लोकांना बंद झाला. खाणवाल्यांनी तिथे वाळूचे बांध घालून समुद्र मागे ढकलला आणि उघडा पडलेला तळ खणला. (अशाच एका बांधाच्या आत 2008 मध्ये जुनं पोर्तुगीज गलबत सापडलं, सोन्याची नाणी, तांबं आणि हस्तिदंतासकट. ते 1533 मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेलं ‘बॉम जेझुस’ असावं असं मानतात.)

आता मोठं काम खोल पाण्यात, 90 ते 150 मीटरवर, म्हणजे आपल्या हिशेबाने 50 ते 80 वाव. जहाजावरून अडीचशे टनांहून जड मशीन तळावर उतरवतात. ते वाळू-खडी ओढून वर पाठवतं, जहाजावर हिरे वेगळे होतात आणि बाकी जवळजवळ सगळा माल पुन्हा समुद्रात सोडतात. बारीक गाळाचा ढग पाण्यात राहतो. तळातले किडे, शिंपले, खेकडे यांचं घरच उचललं जातं. ते परत भरायला वर्षं जातात, आणि परत येतात ते पूर्वीचेच जीव असतात असंही नाही.

कंपनी तपासणी करतच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. खणलेल्या आणि न खणलेल्या जागेचे नमुने घेतात, तुलना करतात. उथळ पाण्यात पाइप घेऊन उतरणाऱ्या डायव्हरांचाही अभ्यास झालाय. त्यांचं नुकसान थोड्या जागेपुरतं राहतं, असं त्यात दिसलं. किनाऱ्यावरच्या खाणींची धुतलेली वाळू मात्र वेगळी गोष्ट. ती सोडली की खडप गाडलं जातं, आणि खडप गेलं की शेवंड कुठे राहणार? हे आपल्याला शास्त्रज्ञाने सांगायला नको.

खरी मेख पुढे आहे. त्या समुद्रात नुकसान करणाऱ्या गोष्टी मुळातच पुष्कळ. नदीला पूर आला की गाळ येतो, लाटा जबरदस्त, आणि अधूनमधून पाण्यातला प्राणवायूच संपतो. 1997 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एलांड्स बेला तशा पाण्यातून पळून सुमारे 2000 टन शेवंड किनाऱ्यावर चढली आणि मेली. मग उद्या शेवंड कमी मिळाली तर दोष कोणाला द्यायचा, खाणीला की निसर्गाला? खाणीच्या आधी किती होती, हे ज्याच्याकडे लिहिलेलं असेल त्याचंच ऐकलं जातं. दुसरी गोष्ट, परवाना ब्लॉकवार आणि रिपोर्टही ब्लॉकवार. प्रत्येक ब्लॉकचं नुकसान ‘किरकोळ’. असे दहा किरकोळ एकत्र किती होतात, ते कोण बघतो?

मच्छीमारांनी आवाज केला की फरक पडतो, हेही तिथेच दिसलं. 2016 मध्ये नामिबियात समुद्रातून फॉस्फेट काढायला पर्यावरण दाखला दिला होता. मासेमारी धंद्यातले सगळे एकत्र उठले आणि त्याच वर्षी मंत्र्यांना तो बाजूला ठेवावा लागला. 2022 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लहान होडीवाल्यांनी तेलासाठीचा सर्व्हे कोर्टातून थांबवला. आम्हाला नीट विचारलंच नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे केरळने 27 फेब्रुवारी 2025 ला किनारा बंद ठेवला.

पण बंद एक दिवसाचा असतो. जनसुनावणीत समोरचा माणूस हजार पानांचा रिपोर्ट ठेवतो आणि आपण सांगतो, “साहेब, पूर्वी बांगडा खूप मिळायचा.” खूप म्हणजे किती? कुठे? कुठल्या महिन्यात? तारली एका वर्षी येते, दुसऱ्या वर्षी गायब होते, हे आपल्यालाही माहीत आहे. ते लगेच म्हणतील, हवामान बदललं, तुम्हीच पर्ससीनने उपसलं. खनिजाच्या बार्ज आपल्या नद्यांतून वर्षानुवर्षं गेल्या. त्याआधी खुबे-तिसऱ्या किती निघायच्या, याची वही आपल्यातल्या किती घरांत आहे?

म्हणून आमचं मत असं आहे की आपला हिशेब आपणच ठेवायचा, आणि कोणी मशीन आणायच्या आधीच. यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. आपली जागा कोणी सांगत नाही. तांडेलाने आयुष्यभर शोधलेली खडपं ही घरची इस्टेट आहे, ती शेजारच्या होडीला कोण देईल? त्यासाठी नेमकी जीपीएस खूण मागायचीच नाही, असं ठरवलंय. नकाशावर पाच-पाच मैलांचे चौकोन पाडलेत, फक्त चौकोनाचा नंबर लिहायचा. सोबत तारीख, किती वाव पाणी, कुठलं जाळं, कुठला मासा किती किलो, आणि जाळ्यात चिखल किंवा वाळू आली का. काही मिळालं नाही तर तेही लिहायचं. रिकामी ट्रिप लोक लिहीत नाहीत, पण पुढे तीच कामाला येते. रापणकारांनी आणि मासळी विकणाऱ्या बायकांनीही लिहावं. माशाचा आकार कधीपासून घटला, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

31 जुलैला बंदी संपते. छापलेल्या वह्या सोसायटीच्या ऑफिसात आल्या आहेत. पहिल्या ट्रिपला जाण्याआधी प्रत्येक होडीने एक घेऊन जावी.