युद्ध न लढताही छातीवर पाच पदकं? ब्रिटनच्या राखीव सैन्याचं गणित

ब्रिटिश अधिकाऱ्याचा गणवेशातला फोटो व्हायरल झाला की खाली एक कमेंट ठरलेली असते: "हा लढला कुठे?" आणि तो राखीव दलाचा असेल, म्हणजे एरवी बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारा, तर टोमणे आणखी वाढतात.

आधी साधा हिशोब करू. समजा, एक जण १९९५ मध्ये ब्रिटनच्या राखीव सैन्यात आला आणि २०२३ पर्यंत राहिला. राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या २००२, २०१२ आणि २०२२ मधल्या महोत्सवांची तीन पदकं, राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाचं २०२३ मधलं चौथं. या चारही पदकांसाठी लष्करात मुख्य अट होती ती पाच वर्षांच्या सेवेची. त्यात दीर्घ सेवेचं पदक मिळवा. झाली पाच! एकही गोळी न झाडता. यात फसवणूक काहीच नाही, कारण यातलं एकही पदक शौर्याचं असल्याचा दावा कुणी करत नाही.

मग ही पदकं फुकटची का? दीर्घ सेवेच्या पदकाबाबत तरी तसं म्हणता येणार नाही. नुसतं नाव नोंदवून वर्ष मोजलं जात नाही. स्थानिक तुकडीतल्या राखीव सैनिकाला वर्षाला साधारण २७ दिवस प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. त्यात दोन आठवड्यांचा कॅम्प, बाकी शनिवार-रविवार आणि ऑफिस सुटल्यावरच्या संध्याकाळी. ते जमलं नाही, तर ते वर्ष पदकासाठी धरत नाहीत. शिवाय बोलावणं आलं की जावं लागतं. २००३ मध्ये इराकसाठी हजारो राखीव सैनिकांना नोकऱ्या सोडून जावं लागलं होतं.

वेस्टमिन्स्टरचे सहावे ड्यूक जेराल्ड ग्रोव्हनर यांचं उदाहरण घ्या. लंडनच्या मेफेअर आणि बेलग्रेव्हिया या महागड्या भागांतल्या जमिनींचे मालक, ब्रिटनच्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक. ते १९७० मध्ये राखीव दलात साधे सैनिक म्हणून भरती झाले, १९७३ मध्ये अधिकारी झाले आणि २००४ मध्ये मेजर जनरल. त्यांच्या नावापुढे सन्मानांची लांबलचक अक्षरं होती. त्यांत 'टीडी' ही दोन अक्षरं होती, म्हणजे टेरिटोरियल डेकोरेशन. हा मान वर्षं भरल्याशिवाय ड्यूकलाही मिळत नव्हता.

खरा आक्षेप घ्यायचा तर इथे घ्यावा. टीडी १९०८ मध्ये सुरू झालं, तेही फक्त अधिकाऱ्यांसाठी. अट २० वर्षांची, युद्धकाळातली सेवा दुप्पट धरायची. चांदीची ओकच्या पानांची माळ, मधोमध राजाची मुद्राक्षरं आणि नावापुढे टीडी. सैनिकाला १२ वर्षांनी साधं पदक, अक्षरं नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर अधिकाऱ्यांची अटही १२ वर्षांवर आली. वर्षं सारखी झाली, मान मात्र वेगळाच राहिला. कॅम्पमध्ये चिखल दोघांनी सारखाच तुडवला होता.

हा भेद १९९९ मध्ये संपला. तेव्हा व्हॉलंटिअर रिझर्व्ह्ज सर्व्हिस मेडल आलं: १० वर्षं, हुद्दा कोणताही असो, पदक एकच. पुढच्या दर पाच वर्षांना फितीवर एक पट्टी.

आता फोटो समोर आला की समोरून पाहताना डावीकडून वाचायला सुरुवात करा. सर्वांत मानाचं पदक तिथे असतं. शौर्याचं असेल तर सुरुवातीलाच दिसेल, त्यानंतर मोहिमांची आणि महोत्सवांची. दीर्घ सेवेचं त्यांच्याही नंतर.

आपल्याकडची प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, १९४९ मध्ये उभी राहिली. धोनीला २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल हुद्दा मिळाला तो याच दलात आणि कोल्हापूरला तिची मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियनही आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये मोडलेली विभागणी इथल्या पदकांतही आहे: अधिकाऱ्याला २० वर्षांनी 'डेकोरेशन', जवानाला १२ वर्षांनी 'मेडल'.