मूल हाकेला ओ देत नाही तेव्हा



एरवी या सदरात आपण बियाणे, खते, फवारणी यांविषयी बोलतो. आजचा विषय घरातला आहे. शिवारफेरीत पिकाचे बोलणे संपले की एखादी आजी हळूच विचारते, "साहेब, नातू अडीच वर्षांचा झाला. हाक मारली तर बघत नाही, गाडीचे चाक मात्र तासन्‌तास फिरवीत बसतो. कुठे दाखवावे?" मी डॉक्टर नव्हे, शेतकीचा पदवीधर. पण कुठे जायचे आणि तेथे काय होते, एवढे सांगू शकतो.

पहिली वाट अंगणवाडीतून जाते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्यातील डॉक्टर गरज वाटल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक यायला वेळ असेल तर खोळंबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

केंद्रात बहुधा आधी कान तपासतात, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. त्यातील एका तपासणीसाठी मूल झोपलेले लागते. डोक्याला चिकटवलेल्या तारा पाहून घाबरू नका. त्यांतून धक्का बसत नाही, आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो तेवढेच त्या टिपतात. मात्र सकाळच्या एसटीतच मुलाची झोप झाली तर फेरी वाया जाते. त्याला केव्हा निजवायचे, ते आधी विचारून घ्या.

कान चांगले असले तर स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे का ते पाहतात. येथे पुष्कळांची निराशा होते. रक्त किंवा फोटो काढून स्वमग्नता सांगता येत नाही. तज्ज्ञ मुलापुढे खेळणी मांडतात, त्याच्याशी खेळतात आणि तुम्हाला प्रश्न विचारतात. "नुसते खेळवले आणि पाठवून दिले" अशी तक्रार मग गावात ऐकू येते. अहो, तो खेळ हीच तपासणी! दाखवलेल्या वस्तूकडे मूल बघते का? आवडलेली गोष्ट आणून तुम्हाला दाखवते का? आपल्या देशात तयार झालेली 'इसा' नावाची मोजपट्टी आहे. तिच्यात ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण देतात. शाळेच्या परीक्षेच्या उलट, येथे गुण जास्त म्हणजे लक्षणे जास्त. फार लहान मुलांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत.

माती परीक्षणाला आपण एकाच खड्ड्यातली माती पाठवत नाही. परक्या खोलीत तासभर दिसलेले मूल हा एकच खड्डा झाला. बाकीची माहिती तुम्ही न्यायची. पहिला शब्द कधी बोलले, बोलू लागून थांबले का, गिरणीच्या आवाजाने कान झाकते का, हे वहीत लिहा. जेवताना, खेळतानाचे दोन-दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर घ्या. जन्माचे कागद आणि लसीचे कार्ड बरोबर ठेवा. दिवसभर मुलापाशी जी असते तिला न्याच. बहुधा ती आजी असते आणि तिलाच "तू काय बोलणार" म्हणून घरी ठेवतात. लाजेने 'सगळे ठीक आहे' असेही सांगू नका.

आईची माया कमी पडली म्हणून मूल असे झाले, असे एके काळी काही डॉक्टरही म्हणत. ते चूक ठरून कित्येक दशके झाली. लसीमुळेही हे होत नाही. तेव्हा सुनेला बोल लावणे बंद करा.

एका फेरीत निकाल लागेलच असे नाही, दोन-तीन फेऱ्या धरून चला. स्वमग्नता निघाली तर ती नाहीशी करणारे औषध नाही. बोलण्याचे, खेळण्याचे, स्वतःचे स्वतः करण्याचे शिक्षण द्यावे लागते आणि त्यातले बरेचसे घरी कसे करायचे ते तुम्हाला शिकवतात. 'हमखास बरे करतो' म्हणणाऱ्यासाठी शेत गहाण टाकू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. दाखल्याचे तिथेच विचारा.

पेरणी उरकू दे, मग सुगी होऊ दे, असे करता करता वर्ष जाते. लहानपणी शिकवणे लवकर सुरू झालेले बरे. या आठवड्यात अंगणवाडीताईंना भेटा. आणि निघताना मुलाच्या ओळखीच्या दशम्या नि ते आवडते चाक पिशवीत टाका, कारण बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसावे लागते.