सुट्टीतील वाचन आणि बक्षिसाचे आमिष

नाताळच्या दिवसांत युरोप-अमेरिकेतील घराघरांत मानसशास्त्राची काही मूलतत्त्वे सहज पाहावयास मिळतात. सूचिपर्णी झाड घरात आणून त्यावर दिवे लावले, की भेटवस्तू अद्याप दृष्टीस पडली नसतानाही मूल हरखून जाते. असे का व्हावे? रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह याने अन्न देण्यापूर्वी कुत्र्यांना एक ठरावीक ध्वनी पुनःपुन्हा ऐकविला. पुढे केवळ त्या ध्वनीनेच त्यांच्या तोंडास लाळ सुटू लागली. या क्रियेस अभिसंधान असे म्हणतात. दरवर्षी झाडापाठोपाठ भेट येत असल्यामुळे झाड हीच आनंदाची खूण बनते.

दुसरे तत्त्व वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात असते: ‘शहाण्यासारखा वागलास, तरच सांताक्लॉज भेट आणील!’ ज्या कृतीचे फळ सुखद, ती कृती पुन्हा घडते, असा हा हिशेब आहे आणि त्यास शास्त्राचा आधारही आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. सुटका आणि अन्न मिळवून देणारी कृती मांजरे उत्तरोत्तर लवकर करू लागतात, असे त्यात दिसून आले. यावरून बक्षीस दिले, की गोडी वाढते, असा समज रूढ झाला. तो मात्र सर्वस्वी खरा नव्हे.

हा प्रश्न आपल्याकडेही महत्त्वाचा आहे. काश्मीरसारख्या थंड प्रदेशात शाळांची मोठी सुट्टी हिवाळ्यातच असते; इतरत्र नाताळात काही दिवसांची सवड मिळते. अशा वेळी ‘दहा पुस्तके वाचलीस तर घड्याळ देईन’, असे पालक सहज बोलून जातात. हेतू चांगला, परंतु ज्या मुलास वाचनाची आवड मुळातच आहे, त्याच्या बाबतीत हा उपाय अपायकारक ठरण्याचा संभव आहे.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याची साक्ष देतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या परिसरातील बालवाडीत चित्रे काढण्याची हौस असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना चित्रांबद्दल प्रशस्तिपत्र देण्याचे आधीच कबूल केले. काहींना ते अनपेक्षितपणे दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनंतर मोकळ्या वेळात पाहणी केली, तेव्हा पहिल्या गटातील मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढीत होती. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र उणावली नव्हती. म्हणजे अपाय बक्षिसाने नव्हे, तर आधी घातलेल्या अटीने केला. ‘आपण हे बक्षिसासाठी करतो’ अशी मुलाची समजूत झाली, की बक्षीस संपताच कामाचे कारणही संपते.

बक्षीस सर्वत्र त्याज्य आहे, असे मात्र नव्हे. जेथे मुळात गोडीच नाही, तेथे गमावण्याजोगे काही नसते. पाढ्यांचा कंटाळा करणाऱ्या मुलास आरंभी लहानसे बक्षीस उपकारक होऊ शकते. एडवर्ड डेसी व त्याचे सहकारी यांनी १९९९ साली १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. अपेक्षित वस्तुरूप बक्षिसाने आवड घटते, तोंडी शाबासकीने तशी ती घटत नाही, असाच त्याचा निष्कर्ष निघाला.

यास्तव शाळांनी व ग्रंथालयांनी सुट्टीतील वाचनास पुस्तकांच्या संख्येची आणि बक्षिसाची अट घालू नये. पुस्तक मुलास स्वतः निवडू द्यावे. न आवडल्यास परत करण्याची मोकळीक ठेवावी. परत आणल्यावर त्यातील काय आवडले, हे आस्थेने विचारावे. भेट द्यावयाचीच असेल, तर ती न सांगता द्यावी, आणि शक्य तर एखादे नवे पुस्तकच द्यावे.