ताठ तेथे तासावे

सीतास्वयंवरात शिवधनुष्य कुणी मोडले, हे शेंबडे पोरही सांगेल. पण ते घडवले कुणी, असा प्रश्न कीर्तनाच्या मांडवात कुणी विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. वाल्मीकींनी मात्र याचे उत्तर देऊन ठेवले आहे. बालकांडात परशुराम रामाला सांगतो की, दोन थोर धनुष्ये विश्वकर्म्याने घडवली. त्यांतले एक शंकराला मिळाले, दुसरे विष्णूला. झाले! मोडणाऱ्याच्या चरित्राला सात कांडे, आणि घडवणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम एक उल्लेख. आजचे हे पान त्या घडवणाऱ्यासाठी आहे.

चकली-चिवड्याबरोबर हे धनुष्य कुठून आले, असे एखाद्या वहिनी म्हणतील. म्हणून आरंभ स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासूनच करतो. नव्या खराट्यातला एक लांब हीर काढा, त्याच्या दोन्ही टोकांना दोरा बांधा आणि दोरा हळूहळू ओढा. हीर बुडाशी जाड आणि शेंड्याकडे बारीक असतो. त्यामुळे शेंड्याकडची बाजू पटकन वाकते, बुडाकडची हलत नाही. धनुष्याऐवजी आकडा तयार होतो. आणखी ओढाल तर हीर मोडेल, आणि मोडेल तो बहुधा जिथे जास्त वाकला होता तिथेच. आता हा हीर दोन्हीकडे सारखा वाकावा म्हणून काय करावे? घरातली मुले सांगतील की, बारीक बाजूला काहीतरी बांधून ती मजबूत करा. खरा कारागीर तसे करत नाही. तो दुबळ्या बाजूला हातच लावत नाही. तो ताठ बाजू तासतो. धनुष्य घडवण्याची सारी विद्या या एका वाक्यात आहे. मात्र ते वाक्य हातात उतरायला वर्षे लागतात.

विद्येआधी लाकूड पाहू. ‘धामण’ म्हटले की शहरातला माणूस चटकन पाय वर घेतो. पण आमच्या कोल्हापूरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या पानझडी रानात, याच नावाचे एक झाडही आहे. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक. हादरा पोटात घेणारे. म्हणून हत्यारांच्या दांड्यांना ते फार चांगले. संस्कृतात या झाडाला ‘धनुर्वृक्ष’ म्हणतात. आपल्या पूर्वजांनी झाडाला त्याच्या फुलावरून नव्हे, तर त्यापासून होणाऱ्या वस्तूवरून नाव दिले. म्हणजे ती वस्तू घडवणारे हात गावोगाव असले पाहिजेत.

दुसरे द्रव्य म्हणजे बांबू. नंदुरबारकडच्या सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा भागात, भिल्लांचा कामठा बांबूचा असतो; एवढेच नव्हे, त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्याच सालीच्या पातळ पट्टीची असते. शहरी माणसाला वाटते, बिचाऱ्याला सुताची दोरी मिळाली नसेल. पण कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याच्या दोरीची द्रव्ये सांगितली आहेत, त्यांत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या पंक्तीला वेळू, म्हणजे बांबू, स्पष्ट बसलेला आहे. तिथेच धनुष्यांची चार द्रव्ये आणि चार नावे येतात. ताड, बांबू, लाकूड आणि शिंग ही द्रव्ये; कार्मुक, कोदंड, द्रूण आणि धनुष् ही नावे. या क्रमाने जोड्या लावल्या तर कोदंड हे बांबूचे धनुष्य ठरते. कोदंडधारी राम आपल्या देवघरात आहे, आणि त्याच जातीचा कामठा घेतलेला भिल्ल आपण फार तर शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला असतो. दोघांच्या हातात वस्तू एकच आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आता तासकामाकडे वळू. धनुष्याला पाठ असते आणि पोट असते. निशाणाकडे असते ती पाठ, तिरंदाजाकडे असते ते पोट. धनुष्य वाकले की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. पाठीवरचा एखादा धागा तुटला की तिथून चीर धावते. म्हणून बांबूची बाहेरची बाजू, जिथे धागे दाट असतात, तीच पाठ करतात आणि तिला शक्यतो धक्का लावत नाहीत. लाकडाचा दांडाही करवतीने कापण्यापेक्षा कुऱ्हाडीने आणि पाचरीने फाळणे बरे. कारण करवत धागा पाहत नाही, स्वतःची रेघ पाहते. फाळलेले लाकूड आपल्या धाग्याच्या वाटेने उकलते. मग ते सावलीत वाळवायचे. पुढचे तासणे सारे पोटाच्या बाजूने.

मधली मूठ जाड आणि ताठ. तिच्या वर एक भुजा, खाली एक भुजा. दोन्ही टोकांकडे निमुळत्या होत जातात. ओबडधोबड घडण झाली की कारागीर एक टोक जमिनीवर टेकवून मुठीवर भार देतो आणि भुजा वाकते कशी ते पाहतो. पुढे एक सैल, लांब दोरी लावून धनुष्य खुंट्यावर आडवे ठेवतात, दोरी थोडी खाली ओढतात आणि दूर उभे राहून वाकाची रेषा न्याहाळतात. कुठे सपाट राहिली? तिथे कोळशाची खूण. कुठे कोपरा आल्यासारखी झाली? ती जागा दुबळी. तिला हात लावायचा नाही, तिच्या दोन्ही अंगांचा ताठपणा कमी करायचा. खूण केली तेवढेच खरवडायचे. त्यासाठी पात्याची धार किंवा फुटक्या काचेची कड पुरते. मग धनुष्य वीस-तीस वेळा हलके वाकवायचे, म्हणजे केलेला बदल लाकडात दिसू लागतो. पुन्हा दूर उभे राहायचे. पुन्हा पाहायचे. जोवर वाक सारखा येत नाही तोवर दोरी आणखी खाली ओढायची नाही, हा नियम. वाक बिघडलेला असताना ताण वाढवला तर सगळा भार त्या एका दुबळ्या जागेवर पडतो आणि धनुष्य तिथे कायमचे खचते.

इतकी सावधगिरी कशाला? त्याला गणिताचा आधार आहे. भुजेची रुंदी निम्मी केली तर तिचा ताठपणा निम्मा होतो. पण जाडीचे तसे नाही; जाडीचा हिशेब घनाने होतो. जाडी एक दशांश कमी केली की ताठपणा एकदम सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे कागदाएवढा पापुद्रा निघाला तरी त्याचा परिणाम तिरंदाजाच्या खांद्यापर्यंत पोहोचतो. शिवाय काढलेले लाकूड परत चिकटवता येत नाही. म्हणून या कामात हत्यार चालते थोडे आणि डोळे चालतात फार.

ही पाहण्याची विद्या किती जुनी असावी? १९९१ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वताच्या बर्फात, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे शव सापडले. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, भात्यात चौदा बाण होते, आणि यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे, त्याच्या उंचीहूनही मोठे, सुमारे १८२ सेंटिमीटर लांबीचे एक धनुष्य होते. पण ते धनुष्य पुरे झालेले नव्हते. हत्याराच्या खुणा तशाच होत्या, दोरीसाठी टोकांना खाचा नव्हत्या. बाणांपैकीही दोनच तयार होते. पुढे २००१ मध्ये कळले की, त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचे टोक रुतलेले आहे. तो कोण, कुणाशी वैर, काही ठाऊक नाही. पण मरणाआधी तो एक धनुष्य घडवत होता आणि ते घाईने उरकण्याजोगे काम नव्हते, एवढे त्या लाकडावर लिहिलेले आहे.

आपल्याकडच्या कारागिरावर बाण आले नाहीत; त्याच्यावर कायदा आला. १९२७ च्या वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. पण व्याख्येमुळे त्याच्या तोडीला आणि वाहतुकीला झाडाचे निर्बंध लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले. २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला स्वतःच्या रानातला बांबू विकण्याचे वाहतूक परवाने आपल्या हाती मिळाले, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये, आणि तोही जंगलाबाहेरच्या बांबूला उपयोगी पडेल असा. एका शब्दाच्या अर्थासाठी नव्वद वर्षे! व्याकरणाच्या तासाला ‘शब्दार्थ लिहा’ म्हटले की कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगतो. आणि सातपुड्यात तर काही ठिकाणी बांबूपासून माणूसच दूर गेला. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली नर्मदाकाठची ३३ गावे सापडली. कितीतरी कुटुंबे सपाटीवरच्या वसाहतींत आली. कामठा बरोबर नेता येतो. ज्या रानात तो निवडायचा, ते रान बरोबर नेता येत नाही.

कुणी म्हणेल, आता धनुष्य हवे कुणाला? हवे आहे की! २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक अजिंक्यपदे मिळवली. त्यांची धनुष्ये धातूची, कृत्रिम धाग्यांची आणि चाकांची. पण वरच्या आणि खालच्या भुजेचा ताण जुळवण्याची भानगड तिथेही सुटलेली नाही. फरक एवढाच की काचेने खरवडण्याऐवजी आता बोल्ट फिरवतात आणि मिलिमीटर मोजतात.

माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला मात्र एक गोष्ट बोचते. धनुष्याने आपल्या भाषेला किती दिले पाहा. ‘गुण’ म्हणजे मुळात धनुष्याची दोरीही. ‘कमान’ हा फारसी शब्द धनुष्याचाच. तो घेऊन आपण वेशीची कमान बांधली, टांग्याला कमान बसवली, घड्याळात कमान घातली. अवघड काम अंगावर आले की आपण शिवधनुष्य पेलतो. वापरणाऱ्याचे आणि मोडणाऱ्याचे शब्द आपल्या ग्रंथांत भरपूर आहेत. पण दोन भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून जे पाहणे-तासणे-पाहणे चालते, त्याला आपल्या पांढरपेशा मराठीत एक शब्द नाही.

इंग्रजांचे याबाबतीत नशीब थोर. १५४५ मध्ये केंब्रिजमध्ये ग्रीक शिकवणाऱ्या रॉजर अ‍ॅस्कम नावाच्या अध्यापकाने धनुर्विद्येवर पुस्तक लिहिले. विद्वानांनी लॅटिनमध्ये लिहावे असा तो काळ. त्याने मुद्दाम आपल्या इंग्रजीत लिहिले, कारण धनुष्य हाती घेणारे लोक ती भाषा बोलत. लिहिले म्हणून ते शब्द टिकले.

आपल्याकडे ते शब्द नसतील असे नाही. ते लिहिणाऱ्यांच्या भाषेत आलेले नाहीत इतकेच. तेव्हा वाचकहो, सुटीत तोरणमाळकडे जाल, बाजारात कामठा दिसेल, दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेल म्हणून तो घ्यावासाही वाटेल. जरूर घ्या, आणि किमतीत घासाघीस करू नका. पण घेण्याआधी घडवणाऱ्या दादांना त्याच्या पोटावर एक खरवडलेली जागा दाखवून विचारा, “दादा, इथेच का तासलंत?” ते सांगतील ते शब्द, ते उच्चारतील तसेच, लिहून घ्या. मुले बरोबर असतील तर वही त्यांच्या हाती द्या.